यादी मागणाऱ्या नव्या मास्तरांस

कराड,
२२ जून

चि. समीर यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. शाळेच्या दर्शनी फळ्यावर रोज एक 'विज्ञानातलं आश्चर्य' लिहायचं काम मुख्याध्यापकांनी नव्या मास्तरांच्या गळ्यात घातलं आणि नव्या मास्तरांनी ते आईच्या. "तू आयुष्यभर विज्ञानच शिकवलंस, पन्नास-साठ वाक्यं लिहून पाठव ना. प्राणी, माणसं, रोजचं जगणं, काहीही चालेल." पाठवते. पण वाक्यांची यादी पाठवत नाही. का, ते फोनवर सांगितलं असतं, पण पाऊस लागला की जव्हारहून तुझा आवाज तुटत येतो आणि मला वाक्य अर्धं सोडायला आवडत नाही. म्हणून हे पत्र.

नमुना म्हणून तू मोबाइलवरून उतरवलेली दोन वाक्यं पाठवलीस. 'गोल्डफिशची स्मरणशक्ती तीन सेकंदांची असते' आणि 'माणूस मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरतो.' दोन्ही खोटी आहेत. गोल्डफिशला शिकवलेली गोष्ट कित्येक आठवडे लक्षात राहते, आणि नव्वद टक्के मेंदू बिनकामाचा असता तर डोक्याला मार लागल्यावर दहातल्या नऊ जणांना काहीच झालं नसतं. पण खोटेपणापेक्षा मला दुसरंच खटकलं. ती खरी असती तरी फळ्यावर अशीच दिसली असती. खरं वाक्य आणि खोटं वाक्य एकाच खडूनं लिहिलेलं असतं, पोरांनी ओळखायचं कशावरून? म्हणून माझी एक अट आहे. जे लिहिशील त्याच्याखाली 'हे कसं कळलं?' तेही लिहायचं. ते ठाऊक नसेल त्या दिवशी नुसती तारीख आणि पटसंख्या लिही. तीही खरी माहितीच आहे.

शेणकिड्यापासून सुरुवात कर. तो काय असतो हे तुझ्या पोरांना सांगावं लागणार नाही, उलट कुठल्या जनावराच्या शेणात जास्त सापडतो ते तीच तुला सांगतील. दक्षिण आफ्रिकेत त्याचा एक रात्री हिंडणारा भाऊबंद आहे. ताज्या शेणावर येतो, आपल्यापुरता गोळा वळतो आणि डोकं खाली, मागचे पाय गोळ्यावर, असा उलटा ढकलत निघतो. निघतो तो थेट सरळ रेषेत. त्याला तसंच निघावं लागतं, कारण शेणापाशी आयता गोळा पळवायला टपलेले दुसरे किडे असतात. भरकटून चक्कर मारून पुन्हा तिथेच आला, तर सगळी मेहनत चोराच्या घरी. पण अमावस्येच्या काळोखात, खाली मान घालून, उलटं चालताना सरळ रेषा धरता येते कशी?

स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या मारी डाके आणि त्यांच्या सोबत्यांनी या किड्यांना टोप्या घातल्या. थट्टा नाही. पुठ्ठ्याच्या चिमुकल्या टोप्या, डोळ्यांना वरचं आकाश दिसू नये म्हणून. टोपीवाले किडे वाट चुकले, वेडेवाकडे फिरत राहिले. इथे फळ्यासमोरचा एखादा चुणचुणीत पोरगा म्हणेल, "सर, टोपीच्या ओझ्यानं चुकले असतील." त्याला शाबासकी दे, कारण त्या शास्त्रज्ञांनी नेमकी हीच शंका आधी काढून ठेवली होती. दुसऱ्या किड्यांना त्यांनी टोप्याच घातल्या, पण पारदर्शक प्लास्टिकच्या. ते सरळ गेले. म्हणजे ओझ्याचा दोष नव्हता, आकाश दिसत नव्हतं हाच दोष.

मग आकाशातलं नेमकं काय? ही मंडळी किडे घेऊन जोहान्सबर्गच्या तारांगणात गेली. (तिकडच्या दारावर काय सांगितलं असेल कोण जाणे.) घुमटावर कधी सगळे तारे लावले, कधी नुसता आकाशगंगेचा फिकट पट्टा. नुसत्या पट्ट्यावरही किडे जवळजवळ तितकेच सरळ चालले. २०१३ साली हे छापून आलं. ताऱ्यांवरून दिशा धरणारे पक्षी माहीत होते, सील माहीत होते, आपले दर्यावर्दी तर होतेच. पण आकाशगंगेवरून वाट काढणारा प्राणी म्हणून पहिली नोंद झाली ती शेण ढकलणाऱ्या या किड्याची.

याच गटाने आदल्या वर्षी दिवसा हिंडणाऱ्या शेणकिड्यांना बूटही घातले होते. आफ्रिकेतली दुपारची वाळू भाजून काढते. किडा ढकलता ढकलता मध्येच गोळ्यावर चढून बसतो. कशासाठी? पाय पोळतात म्हणून, असा एक तर्क होता. शेणाचा गोळा ओलसर असल्याने थंड असतो. तर्क बरोबर असेल, तर पाय पोळेनासे झाल्यावर किड्याने चढणं कमी केलं पाहिजे. म्हणून पायांना सिलिकॉनचे बूट. बूटवाले किडे खरंच कमी वेळा चढले. मला यातलं शेण, तारे आणि बूट सगळंच आवडतं, पण सगळ्यात आवडते ती पारदर्शक टोपी. फळ्यावर तिचं चित्र काढ.

टोप्यांच्या त्या कामाला २०१३ मध्येच इग नोबेल मिळालं. हे खरं नोबेल नव्हे. मार्क अब्राहम्स नावाच्या अमेरिकी गृहस्थाने १९९१ मध्ये सुरू केलेला हा पुरस्कार आधी हसवणाऱ्या आणि मग विचारात पाडणाऱ्या संशोधनाला देतात. आपल्याकडची मंडळीही त्यात आहेत. केरळ कृषी विद्यापीठातल्या दोघांना हत्तीच्या कातडीचं एकूण क्षेत्रफळ काढण्याच्या सूत्रासाठी २००२ मध्ये मिळालं होतं. क्षेत्रफळाचा धडा आला की हत्तीला वर्गात घे. आणि 'असल्या गोष्टींचा उपयोग काय' असं कोणी शिक्षकांच्या खोलीत म्हणालं, तर आंद्रे गाइम यांचं नाव सांग. चुंबकाच्या जोरावर जिवंत बेडूक हवेत तरंगवल्याबद्दल त्यांना २००० मध्ये इग नोबेल मिळालं, आणि पेन्सिलीतल्या ग्राफाइटचे थर चिकटपट्टीने सोलून ग्राफीन, म्हणजे जेमतेम एका अणूइतका जाड पापुद्रा, वेगळं केल्याबद्दल २०१० मध्ये खरं नोबेल. मी स्वतः मात्र उपयोगाच्या वादात पडत नाही. उपयोग निघाला तर निघाला.

मुंगीचं आता. ट्युनिशियाच्या खारट वाळवंटात एक मुंगी राहते. तिथे खूण धरायला झाड नाही, दगड नाही. अन्न शोधत ही वळणावळणाने दूर जाते आणि मिळालं की सरळ बिळाकडे येते. दिशा ती सूर्यावरून धरते, हे आधीच माहीत होतं. पण किती चालायचं हे कसं कळतं? पावलं मोजत असेल का? मथियास विटलिंगर, रुडिगर वेनर आणि हाराल्ड वोल्फ या तिघांनी मुंग्यांना बिळापासून १० मीटरवरच्या खाण्याची सवय लावली. मुंगी खाण्यापाशी पोचली की तिला धरून काहींच्या पायांना डुकराच्या राठ केसांचे तुकडे चिकटवले, म्हणजे काठ्यांवर चालणारी मुंगी. काहींचे पाय थोडे आखूड केले. परतताना काठ्यांवरच्या मुंग्या पंधराएक मीटर जाऊन मग बीळ शोधू लागल्या, आखूड पायांच्या सहा मीटरांच्या आतच थांबून घुटमळल्या. पावलं तितकीच टाकली होती, ढांग बदलली होती. आणि त्याच काठ्यांवर पुढे जाऊन त्याच काठ्यांवर परत आल्या तेव्हा अंतर बरोबर आलं. २००६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पाय आखूड करण्याचा भाग मला रुचत नाही, मुंगी असली तरी. फळ्यावर काठ्यांचंच लिही, नाहीतर दुसऱ्या दिवशी शाळेच्या आवारात बिनपायाच्या मुंग्या सापडतील.

कावळ्याचं मात्र मोकळेपणाने लिही. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जॉन मार्झलफ यांनी २००६ मध्ये आवारातले कावळे धरून त्यांच्या पायांत कडी घातली आणि सोडून दिले. धरताना तोंडावर आदिमानवाचा रबरी मुखवटा होता. मग तोच मुखवटा घालून कुणीही आवारात हिंडलं, बाई असो की बुवा, म्हातारा असो की पोरगा, की कावळे डोक्यावर गोळा होऊन कावकाव करायचे. इथेही पारदर्शक टोपीसारखं काहीतरी हवंच. कावळ्यांना मुखवट्याचाच तिटकारा असेल तर? म्हणून दुसरा मुखवटा त्या वेळचे अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी यांचा ठेवला होता, जो घालून कुणी कावळे धरले नव्हते. त्या मुखवट्याकडे कावळ्यांनी फारसं लक्ष दिलं नाही. वर्षं गेली तरी आदिमानवाला शिव्या चालूच राहिल्या आणि देणारे वाढतच गेले. ज्यांना कधी धरलंही नव्हतं, असे कावळेही त्यात होते, काही तर नंतर जन्मलेले. पितृपक्षात आपण ज्याची वाट बघत पान मांडून उभे राहतो, तो आपल्याला तोंडावरून ओळखत असतो हे वाचल्यापासून मी गच्चीवर जरा नीट वागते.

परदेशाचंच का म्हणून विचारशील. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अनेक दशकं एका गांधीलमाशीवर काम केलंय, रोपालिडिया मार्जिनाटा तिचं नाव. महागडी यंत्रं लागत नाहीत. प्रत्येक माशीच्या पाठीवर रंगाचे वेगवेगळे ठिपके देतात आणि पोळ्यासमोर वही घेऊन बसतात. या पोळ्यातली राणी गरीब असते, कुणावर डाफरत नाही, मारत नाही. तिला उचलून बाजूला केलं की काही मिनिटांत एक साधी कामकरी एकदम आक्रमक होते, आणि पुढे तीच राणी होते. राणी मेल्यावर गादीसाठी मारामारी होईल असं तुला वाटेल, पण तशी होत नाही. मग प्रश्न असा की वारस आधीच ठरलेली असते का आणि ती सगळ्यांना ठाऊक असते का. माणसाला ती बघून ओळखता येत नाही. ती अंगानं मोठी किंवा भांडखोर असतेच असं नाही.

अनिंदिता भद्रा आणि गदगकर यांनी पोळं मधोमध कापलं, मध्ये जाळी लावली, माश्या दोन्हीकडे वाटल्या आणि राणी कधी या बाजूला, कधी त्या बाजूला ठेवून पाहिली. राणी नसलेल्या बाजूला एक माशी पुढे यायची. बाजू बदलल्या की कधी ती टिकायची, कधी दुसऱ्या बाजूची तिच्या वरचढ निघून दोन्हीकडे मान्य व्हायची. पण तिसरी दावेदार कधीच उभी राहिली नाही आणि खरी वारस पुढे आली की तिच्यावर कुणी हात उगारला नाही. माश्यांना माहीत असतं, आपल्याला नसतं. तुझ्या वर्गखोलीच्या छपराखाली गांधीलमाशीचं पोळं असेलच. ते कापू नकोस. आणि कुठल्या मुलाला ते बांबूनं पाडू देऊ नकोस, एवढं सांगितलं म्हणजे झालं.

बोटं मोडण्याचं लिहिणार असशील तर थोडं हसून लिही. आजी आला-बला काढून कानशिलावर मोडते ती बोटं वेगळी, मी म्हणते ती तू परीक्षेच्या आधी कडाकडा मोडायचास ती. संधिवात होईल, असं जगातल्या सगळ्या आया सांगतात. कॅलिफोर्नियातले डोनाल्ड अंगर लहान असताना त्यांच्या आईने सांगितलं, मावश्या-आत्यांनी सांगितलं, पुढे सासूबाईंनीही. या गृहस्थाने काय केलं, तर फक्त डाव्या हाताची बोटं दिवसातून निदान दोनदा मोडायची आणि उजव्याची सोडून द्यायची, असं पन्नास वर्षं केलं. मग दोन्ही हात तपासले. संधिवात ना याला ना त्याला. १९९८ मध्ये त्यांनी हे एका वैद्यकीय नियतकालिकात पत्र म्हणून छापलं आणि २००९ मध्ये इग नोबेल घेताना, आई, तुझं चुकलं, असं जाहीर केलं.

आता पोरांना विचार की एवढ्यावर विश्वास ठेवायचा का. माणूस एक, हात दोन. शिवाय कोणत्या हाताची बोटं मोडली हे तपासणाऱ्याला, म्हणजे त्यांनाच, ठाऊक. दुसऱ्या अभ्यासांतही संधिवाताशी संबंध सापडलेला नाही, पण संबंध नाही हे अंगर यांच्या दोन हातांमुळे सिद्ध झालं असं म्हणता येत नाही. मला तो आवाज सहन होत नाही, त्यामुळे आपल्या घरात मनाई कायम आहे. त्याला शास्त्राचा आधार नाही, आईचा आहे.

'तपासणाऱ्याला ठाऊक' हे जे वर लिहिलं, त्यासाठीच खरं तर एवढं पत्र लिहायला बसले.

जव्हारकडे नंदीबैल येतो की नाही मला माहीत नाही. इकडे पूर्वी दारावर यायचा. अंगावर रंगीत झूल, शिंगांना गोंडे, गुबूगुबू वाजणारं ढोलकं. "सांग सांग भोलानाथ" म्हणत मालक विचारायचा, "बाईच्या लेकाला नोकरी लागेल का?" आणि बैल मान डोलवायचा. मालक दोरीनं, आवाजानं, हातातल्या काठीनं कसा इशारा देतो हे सगळ्या गावाला माहीत असायचं आणि तरी बायका सूपभर धान्य घालायच्या. यात कुणी फसत नव्हतं, तो खेळ होता.

बर्लिनमधला घोडा हा खेळ नव्हता, आणि म्हणून त्याची गोष्ट जास्त मोठी आहे. विल्हेल्म फॉन ओस्टेन हे गणिताचे निवृत्त मास्तर. त्यांनी आपल्या हान्स नावाच्या घोड्याला फळा, खडू, मण्यांची पाटी घेऊन वर्षानुवर्षं शिकवलं. घोडा बेरीज, गुणाकार, अपूर्णांक सोडवायचा, तारीख सांगायचा, उत्तराइतक्या टापा मारून. मास्तर लोकांकडून एक पैसाही घेत नसत. १९०४ मध्ये बोभाटा इतका झाला की मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्फ यांच्या पुढाकाराने तपासणी झाली. त्यात प्राणिसंग्रहालयाचे, सर्कशीचे जाणकार होते. त्यांनी निर्वाळा दिला की लबाडी कुठेही नाही. आणि ते खरंच होतं. मास्तर बाजूला गेले, भलत्याच माणसानं प्रश्न विचारला, तरी घोडा बरोबर उत्तर द्यायचा.

श्टुम्फ यांचा विद्यार्थी ओस्कार फुंग्स्ट याने पुढे काय केलं ते बघ. त्याने प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल अशी व्यवस्था केली. आकड्याचं कार्ड घोड्याला दिसेल, पण धरणाऱ्याला नाही. किंवा एकाने घोड्याच्या कानात एक आकडा सांगायचा, दुसऱ्याने दुसरा, आणि बेरीज घोड्याने करायची. झालं, हान्सचं गणित संपलं. विचारणारा झापडांमुळे दिसेनासा झाला तरी तेच. मग फुंग्स्ट घोड्याकडे बघायचं सोडून माणसांकडे बघू लागला. प्रश्न विचारला की माणूस टापा मोजायला नकळत किंचित पुढे वाकतो, बरोबर आकडा आला की सुटल्यासारखी त्याची मान किंचित वर होते. डोळ्याला दिसेल न दिसेल इतकीच. घोड्याला ती दिसायची. गणित येणारा घोडा नव्हता तो, माणूस वाचणारा घोडा होता, आणि मला विचारशील तर हे गणितापेक्षा अवघड आहे. गंमत अशी की हे सगळं कळल्यावरही फुंग्स्टला स्वतःची मान थांबवता येईना. पुढे त्याने स्वतःच घोड्याची भूमिका घेतली. लोकांनी मनात आकडा धरायचा आणि याने हाताने टकटक करत त्यांच्या हालचालीवरून थांबायचं. बहुतेकांचा आकडा त्याने बरोबर ओळखला.

फॉन ओस्टेन मास्तरांना हे कधीच पटलं नाही. १९०९ मध्ये ते वारले. मला त्यांचं वाईट वाटतं. विद्यार्थी बरोबर उत्तर देतोय हे बघून कुठल्या मास्तराचं काळीज सुपाएवढं होत नाही?

नव्या औषधाची चाचणी करताना खरी गोळी कुणाला आणि नुसती साखरेची कुणाला हे रुग्णाला सांगत नाहीत, देणाऱ्या डॉक्टरलाही कळू देत नाहीत. ती काळजी याच जातीची. आणि घोड्यानंतरही माणसं शहाणी झाली असं नाही. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी अमली पदार्थ किंवा स्फोटकं हुंगणारे १८ कुत्रे त्यांच्या हाताळणाऱ्यांसह खोल्यांत सोडले. तिथे अमली पदार्थ किंवा स्फोटकं कुठेही लपवलेली नव्हती. हाताळणाऱ्यांना मात्र सांगितलं होतं की लाल कागद दिसला तर तिथे माल असेल. कुत्रे 'सापडला' म्हणून इशारे देत सुटले, आणि लाल कागदांपाशी जास्त.

आता थेट तुझ्या कामाचं. १९६३ मध्ये रॉबर्ट रोझेन्थाल आणि कर्मिट फोड या दोघांनी विद्यार्थ्यांना उंदीर वाटले. काहींना सांगितलं, हे हुशार वाणाचे, चक्रव्यूहात पटकन वाट काढतात. काहींना सांगितलं, हे ढ. उंदीर सगळे सारखेच होते. 'हुशार' उंदरांनी खरोखर जास्त चांगली वाट काढली. ते वाट्याला आलेली मुलं त्यांना हळुवार हाताळत होती. पुढे रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षकांना काही मुलांची नावं दिली, ही यंदा झपाट्यानं पुढे येतील म्हणून. नावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली. पहिली-दुसरीतली ती मुलं बुद्धिमापन चाचणीत इतरांपेक्षा पुढे गेली, असं त्यांनी १९६८ मध्ये मांडलं. यावर खूप वाद झाला, अजून होतो. परिणाम गाजला त्याहून बराच लहान आहे, हे आता बहुतेक जण मानतात. म्हणून प्रशिक्षणात कुणी 'शिक्षकाच्या अपेक्षेनं मूल घडतं' असं एका दमात सांगितलं तर तिथेही विचार, कसं कळलं, किती मुलं, कुठल्या इयत्ता.

पण लहान असला तरी परिणाम आहे, आणि आपल्या वर्गातलं मला वेगळं सांगायला नको. "सूर्य कुठल्या दिशेला उगवतो? पू...?" "र्व!" "कळलं का?" "हो-ओ-ओ!" चाळीस माना एकदम डोलतात. तू विचारताना भुवया कुठे वर करतोस, बरोबर उत्तराच्या पर्यायावर आवाज कसा जरा ताणतोस, हे पोरांना आठवड्याभरात पाठ होतं. म्हणून अधूनमधून असा प्रश्न विचार ज्याचं उत्तर तुलाच माहीत नाही. मान हलवायलाच येणार नाही.

असा एक प्रश्न देते. उत्तर मला माहीत आहे, तुझ्या गावातल्या जनावरांचं नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या विद्यापीठातल्या पॅट्रिशिया यांग आणि डेव्हिड हू यांनी अटलांटाच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन आणि यूट्यूबवरचे व्हिडिओ जमवून प्राण्यांना लघवी करायला किती वेळ लागतो ते मोजलं. हू यांना हे सुचलं ते आपल्या बाळाची लंगोटी बदलताना. हत्तीच्या मूत्राशयात १८ लिटर मावतं, मांजराच्या काही चमचे. तरी तीन किलोंहून जड प्राण्यांना साधारण सारखाच वेळ लागतो. मोठ्या जनावराची मूत्रनळी रुंद असते आणि लांबही, त्यामुळे गुरुत्वाकर्षणाचा जोर मिळून धार तितकी वेगात जाते. २०१४ मध्ये हे छापून आलं, २०१५ मध्ये इग नोबेल. सरासरी २१ सेकंद निघाली, कमी-जास्त तेरा सेकंद धरून, म्हणजे फरकही बराच आहे.

तुझी पोरं सकाळी गुरं सोडतात. गाय, म्हैस, बैल, शेळी, मिळेल ते मोजू दे. घड्याळ नसेल त्यांनी 'एक हजार एक, एक हजार दोन' करत मोजावं. एका जनावराला दोघांनी मोजायचं, एकमेकांचा आकडा न ऐकता, आणि कागदावर लिहून तुझ्या टेबलावरच्या डब्यात टाकायचा. २१ हा आकडा त्यांना आधी सांगायचा नाही, फळ्यावर लिहायचा नाही, आणि कुणी "सर, वीस आले" म्हणालं तर चेहरा सरळ ठेवायचा. आठवडाभराने डबा उघडा आणि सरासरी काढा, चौथीला भागाकार आहेच.

मुख्याध्यापकांना मात्र आधी कल्पना दे. कागद बाबांच्या जुन्या वह्यांतले पाठवलेत, तुझ्या गोधडीच्या घडीत आहेत. आकडे आले की मला पाठव, म्हशीचे वेगळे.

तुझी,
आई